‘आमच्या देशाचा इतिहास’ : एका व्हिएतनामी कवितेच्या अनुवादाच्या नोंदी

9 जून 2025

आज काम रीतसर सुरू केलं. कविता व्हिएतनामचे स्वातंत्र्यनेते हो चि मिन्ह यांची, ‘लिच सू नुओक ता’, म्हणजे ‘आमच्या देशाचा इतिहास’. फ्रेंच आणि जपानी सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या व्हिएत मिन्ह या स्वातंत्र्य आघाडीच्या प्रचार विभागाने फेब्रुवारी 1942 मध्ये छापलेली छोटी पुस्तिका. दोनशेहून थोड्या जास्त ओळी आणि त्यात हाँग बांग या आद्य राजकुळापासून थेट दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा प्रवास.

कवी त्या वेळी कुठे होते हे डोळ्यांसमोर असलेलं बरं. तीस वर्षं परदेशात काढून 28 जानेवारी 1941 ला ते चीनची सीमा ओलांडून काओ बांग प्रांतात आले आणि पाक बो इथल्या गुहेत राहिले. मे 1941 मध्ये तिथेच कम्युनिस्ट पक्षाची बैठक झाली आणि व्हिएत मिन्हची स्थापना झाली. वर्ष उलटायच्या आत ही कविता लोकांच्या हातात होती. बहुतेक लोकांना वाचता येत नव्हतं. त्यामुळे हातात पडण्यापेक्षा कानावर पडणं महत्त्वाचं होतं.

पहिल्या दोन ओळी व्हिएतनाममध्ये आजही जवळजवळ प्रत्येकाला पाठ आहेत : ‘आपल्या लोकांना आपला इतिहास ठाऊक हवा, आपल्या देशाचं मूळ नीट कळायला हवं.’ सरळ शाळेतल्या धड्यासारखी सुरुवात. मला शोधायचंय ते या धड्याच्या आत ठेवलेलं युद्ध.

11 जून

पहिली मोठी चूक. ती इथे लिहूनच ठेवते, कारण तिने पुढच्या कामाची दिशा बदलली.

‘नुओक ताउ’ याचा अर्थ मी ‘जहाजांचा देश’ असा लावला होता. ताउ म्हणजे जहाज, हे पहिल्या महिन्यात शिकलेलं. ओळ अशी : ‘नुओक ताउने माणसांच्या संख्याबळावर सैन्य आणून आपल्या लोकांना चिरडलं.’ मला वाटलं, आरमार घेऊन आलेले कुणीतरी. हनोईच्या बाईंना दाखवलं. मी त्यांना ‘को’ म्हणते. व्हिएतनामीत को म्हणजे आत्याही आणि शिकवणाऱ्या बाईही. को म्हणाल्या, ‘अगं, हे जहाज नव्हे, चीन.’ चीनला बोलीत ताउ म्हणतात. घरातल्या गप्पांमधला, थोडा रागाचा शब्द आहे. सरकारी कागदात तो यायचा नाही.

तसंच ‘ताय’. शब्दश: पश्चिम. या कवितेत मात्र ताय म्हणजे फ्रेंच. आपल्या जुन्या कागदपत्रांत युरोपियनांना ‘टोपीकर’ म्हणायचे, ती जवळची गोष्ट. ‘टोपीकर’ लिहून पाहिलं. शब्द मोहात पाडणारा आहे, पण तो आला की वाचक सरळ रायगडावर आणि मुंबई बंदरात जातो. मला त्याला काओ बांगच्या डोंगरातच ठेवायचंय. ‘गोरे’ ठेवते. बोलीतलाही आहे आणि धारही आहे.

16 जून

छंदावर दिवस गेला. ‘लुक बात’ म्हणजे सहा-आठ : एक ओळ सहा शब्दावयवांची, पुढची आठांची. सहाव्याचं यमक आठांच्या ओळीत मध्येच, सहाव्या जागी जुळतं आणि आठव्याचं यमक पुढच्या सहाच्या शेवटाशी. साखळी कुठे तुटतच नाही. पहिल्या दोन ओळींत ‘ता’ला ‘न्या’ जुळतो आणि दुसऱ्या ओळीचा शेवट ‘नाम’ तिसऱ्या ओळीच्या ‘नाम’ला (हे ‘नाम’ म्हणजे वर्ष) हात देतो. एक ओळ आठवली की पुढची आपोआप येते. पाठांतरासाठी याहून चांगली सोय नाही.

आपल्याकडे जात्यावरची ओवी हेच काम करायची. मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चारची मोजणीही डोक्यात घोळली, पण अभंगात आला की हा मजकूर भक्तीचा वाटायला लागतो. पोवाडा तर अजिबात नको. त्याला डफ आणि मैदान हवं, ही दबक्या आवाजात म्हणायची चीज आहे. ठरवलं : सहा आणि आठ अक्षरंच घ्यायची, यमक जमेल तिथे.

19 जून

आज चार शब्दांवर अडले आणि दिवस सार्थकी लागला.

शेवटच्या भागात एक ओळ आहे, तिच्यात ओळीने येतं : ताउ, मी, हा, आन्ह. सुटे वाचले तर जहाज, सुंदर, नदी, दादा. कोशात हेच अर्थ आधी येतात. पण हे चार देश आहेत. ताउ चीन, मी अमेरिका, हा म्हणजे हा लान, अर्थात हॉलंड, आणि आन्ह इंग्लंड. संदर्भ जपानचा. वरच्याच ओळीत म्हटलंय की जपानी चोर नुकताच आलाय, त्याच्या राज्याची घडी अजून बसलेली नाही. आणि आता या चौघांशी त्याची जागोजागी लढाई जुंपली आहे.

चीनशी जपानचं युद्ध 1937 पासून चालू होतं. अमेरिका, ब्रिटन आणि हॉलंड मात्र डिसेंबर 1941 मध्ये, पर्ल हार्बरनंतर उतरले. म्हणजे ही ओळ त्याआधी लिहिलीच जाऊ शकत नाही. एका गुहेत बसलेला माणूस दोन-तीन महिन्यांपूर्वीची जागतिक बातमी सहा-आठच्या एका जोडीत बसवतोय आणि पुढच्याच जोडीत सांगतोय : हीच आपल्यासाठी चांगली वेळ, उठा. ज्या महिन्यात ही पुस्तिका निघाली त्याच फेब्रुवारीत सिंगापूर पडलं.

आणखी एक. जपानी वर्तमानपत्रांत त्या काळी ‘एबीसीडी वेढा’ असा शब्द गाजत होता : अमेरिका, ब्रिटन, चीन, डच. जपानला घेरणारे म्हणून. तेच चार देश. जपान ज्याला आपल्या गळ्याभोवतीचा फास म्हणत होता, ती या कवितेत सुटकेची फट आहे.

20 जून

कालच्या धाग्याला आज दुसरा मिळाला. ओळ : ‘नाम की पुष्कळ दिवस गप्प होतं, नाम किआ उठलं आणि गोऱ्यांना भिडलं.’ नाम की म्हणजे दक्षिणेकडचा भाग, फ्रेंचांचा कोचीनचीन. ‘नाम किआ’ म्हणजे गेल्याच्या आधीचं वर्ष. दक्षिणेतला तो उठाव 23 नोव्हेंबर 1940 चा. तिथून मोजलं की आपण 1942 मध्येच येतो.

‘गेल्याच्या गेल्या वर्षी’ लिहिलं तर अर्धी ओळ त्यातच संपते. मग आजीचा शब्द आठवला, ‘परार’. परारच्या साली विहीर आटली, परार धाकट्याचं लग्न झालं. तीन अक्षरं, आणि अर्थ तंतोतंत. हा शब्द वापरायला मिळतोय याचा आज खरंच आनंद झाला. इतिहासाच्या कवितेत ‘परार’ आला की कळतं, हा इतिहास नाही, ही ताजी जखम आहे. त्या उठावातल्या माणसांची घरं तेव्हा अजून सुतकातून बाहेर आली नसतील.

25 जून

‘खो दो, खो सान्ह’. लाल पट्टा, निळा पट्टा. मी आधी कुठल्याशा जमातीचे वेश समजून पुढे गेले होते. आज परत आले. हे फ्रेंचांच्या नोकरीतले व्हिएतनामी शिपाई. कंबरेच्या पट्ट्याच्या रंगावरून लोक त्यांना ओळखत : लाल पट्ट्याचे पलटणीतले, निळ्या पट्ट्याचे स्थानिक पहाऱ्यावरचे. कविता त्यांना ‘भाऊ’ म्हणते. हनोईत 1908 साली फ्रेंच तुकडीच्या जेवणात विष घालण्याचा जो कट झाला त्याची आठवण या ओळीत आहे.

मग पुढचे सगळे उठाव एकाखाली एक लिहून पाहिले. थाय न्गुयेन, 1917 : पहारेकरी शिपायांचं बंड. येन बाय, फेब्रुवारी 1930 : त्यातही छावणीतले शिपाई सामील. दो लुओंग, जानेवारी 1941 : पुन्हा शिपाईच. यादी वाचताना राजे, वीर, उठाव असं सरळ पुढे जात राहतं. पण वर्दी घातलेल्या एखाद्याच्या कानावर ती पडली, तर त्याला ऐकू येणार की तुझ्यासारख्यांनी हे आधी केलेलं आहे. त्याच्यासाठी वेगळा आवाहनाचा कागद काढायची गरजच नाही. तो पकडला जाईल, खिशात ठेवणारा फाशी जाईल. डोक्यातली ओवी कोण झडतीत काढणार?

यासाठी ‘भाऊ’ हा शब्द मी हलवणार नाही. ‘सैनिक बांधव’ केलं तर भाषण होतं.

26 जून

छोटी नोंद. ‘हे बघा येन बाय, ते बघा न्गे आन, दोन्ही उठावांचा आवाज जगभर गेला.’ येन बायचं बंड राष्ट्रवादी पक्षाचं होतं, न्गे आनमधला 1930-31 चा शेतकऱ्यांचा उठाव कम्युनिस्टांचा. न्गे आन हा कवीचा स्वत:चा प्रांत. दोन प्रतिस्पर्धी पक्ष, आणि ओळीत पक्षाचं नाव एकाचंही नाही, फक्त गावं. 1941 च्या बैठकीत ठरलं होतं की आधी देश, वर्गाचा हिशेब नंतर. त्या ठरावाचा अख्खा मसुदा वाचून जे कळतं ते या ओळीत काय गाळलंय त्यावरून कळतं.

2 जुलै

पावसाने वीज गेली होती. कंदिलाच्या उजेडात छापील प्रतीवर पेन्सिलीने खुणा करत बसले आणि एक गोष्ट दिसली जी पडद्यावर इतके दिवस दिसली नव्हती.

‘मात नुओक’ हे दोन शब्द. नुओक म्हणजे देश. नुओक म्हणजे पाणीही, तो वेगळाच सुंदर विषय. मात म्हणजे गमावणं. कवितेच्या मध्यावर : ‘आज आपण असे देश गमावून बसलो, ते न्गुयेन राजाने गोऱ्यांना घरात आणलं म्हणून.’ आणि शेवटाकडे : ‘आता फ्रान्सच देश गमावून बसलाय, आपल्यावर राज्य करायला ना बळ ना माणसं.’ तेच दोन शब्द. पॅरिस जर्मनांनी घेतलं जून 1940 मध्ये. ऐंशी वर्षं जो शब्द फक्त आपल्यासाठी होता तो आता मालकाला लागू झाला.

मी पहिल्या ठिकाणी ‘पारतंत्र्यात गेलो’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘फ्रान्सचा पाडाव झाला’ असं लिहिलं होतं. दोन्ही मराठी म्हणून उत्तम, आणि दोन्ही मिळून कवितेचा कणाच मोडतात. आता दोन्हीकडे ‘देश गमावला’. अनुवादात शब्दांची पुनरुक्ती टाळावी असं आपल्याला शिकवतात. इथे पुनरुक्ती हाच मजकूर आहे.

5 जुलै

राजांची पाळी. न्गुयेन घराण्याचा पहिला राजा झा लाँग, त्याच्यावर कवीचा राग इतका उघड आहे की तिथे काही लपलंय असं वाटत नाही. बंड करून उठलेल्या ताय सन बंधूंनी पळवून लावलेल्या या राजपुत्राने फ्रेंचांकडे मदत मागितली, 1787 मध्ये व्हर्सायला त्याच्या नावाने तह झाला, 1802 मध्ये तो गादीवर बसला. पुढे 1858 मध्ये फ्रेंच तोफा दा नांगवर आल्या. कविता म्हणते : हे म्हणजे साप पाठीवर वाहून आणून घरच्या कोंबड्यांना चाववणं, हत्ती बोलावून वाडवडिलांची थडगी तुडवणं.

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ अगदी मापात बसतं. तरी नाही घेतलं. दांडा हा गोतातलाच असतो. इथे दोष बाहेरचं घरात आणण्याचा आहे. साप आणि हत्ती राहू देत, मराठी वाचकाला साप-कोंबडी समजावून सांगावी लागत नाही.

आणि लपलेलं आहेच. 1942 मध्ये त्याच न्गुयेन घराण्याचा बाओ दाई ह्वेच्या राजवाड्यात बसलेला होता. वर फ्रेंच गव्हर्नर आणि त्याच्याही वर जपानी सैन्य. दीडशे वर्षांपूर्वीच्या राजाला शिव्या घातल्या की ऐकणाऱ्याला आजचा राजा दिसणारच. 30 ऑगस्ट 1945 ला बाओ दाईने ह्वेला गादी सोडून राजमुद्रा आणि तलवार सोपवली. ही कविता त्या दिवसाची जमीन तीन वर्षं आधीपासून नांगरत होती, असं माझं ठाम मत झालंय.

8 जुलै

काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर तो फिरता संदेश पाठवला : व्हिएतनामच्या नेत्यांनी शिवाजी महाराजांपासून प्रेरणा घेऊन अमेरिकेला हरवलं. काका कौतुकाने पाठवतात, मला माहीत आहे. लिहिलं : ‘काका, त्यांच्या नेत्याने स्वत: लिहिलेली वीरांची यादीच माझ्या टेबलावर आहे. सगळी नावं त्यांच्याच मातीतली आहेत. पुढच्या रविवारी येते तेव्हा वाचून दाखवते, तुम्हाला आवडेल.’ महाराजांची थोरवी अशा संदेशांवर उभी नाही, आणि ज्यांच्याकडे ट्रुंग भगिनी आहेत त्यांनाही कुणाकडून उसनवारी करावी लागत नाही.

13 जुलै

ट्रुंग भगिनींवरूनच पुढे. इसवी सन 40 मध्ये या दोघी बहिणी चिनी सत्तेविरुद्ध उठल्या, 43 पर्यंत टिकल्या. मग तिसऱ्या शतकातली बाई त्रिएउ. दोन्ही कथा झाल्या की कवी थांबून म्हणतो, ‘आपल्या बायका सामान्य नाहीत.’ पोरांचंही तसंच. दंतकथेतला फू दाँग, दहाचाही नसताना शत्रूवर तुटून पडलेला. मंगोलांशी लढलेला सोळा वर्षांचा क्वोक तोआन. प्रत्येकाला एक ओळ जास्तीची, ‘आपली मुलं’ म्हणून.

हे नुसतं कौतुक नाही. व्हिएत मिन्हने बायकांच्या, मुलांच्या, तरुणांच्या, म्हाताऱ्यांच्या वेगवेगळ्या ‘देश वाचवा’ संघटना बांधल्या होत्या. 15 मे 1941 ला काओ बांगमधल्या ना मा गावात पाच मुलांचं पथक निघालं, निरोप पोचवायला आणि पहारा द्यायला. त्यांचा म्होरक्या किम दाँग फेब्रुवारी 1943 मध्ये फ्रेंचांच्या गोळीने गेला. चौदा वर्षांचा असेल.

या ओळी परत वाचताना माझा आवाज बसला. सोळा वर्षांच्या क्वोक तोआनची ओळ कुणाच्या कानात शिरत होती ते कळल्यावर ती मला हलकी करता येत नाही. ‘पोरसवदा’ काढून ‘सोळा वर्षांचा’ असं सरळ लिहिलं.

15 जुलै

तळटिपांचा वाद. संपादकांना वाटतं प्रत्येक संदर्भाला टीप हवी. मला वाटतं नको.

खाडिलकरांचं ‘कीचकवध’ 1907 मध्ये रंगभूमीवर आलं तेव्हा कीचक म्हणजे कर्झन हे थिएटरात कुणी सांगावं लागलं नाही. सरकारलाही कळलं आणि 1910 मध्ये बंदी आली. आज ते नाटक वाचणाऱ्याला प्रस्तावना लागते. पण टीप प्रत्येक संवादाखाली चिकटवली तर द्रौपदी बोलायचीच थांबेल. या कवितेतही तेच. शत्रूचं नाव उघड आहे, तो लपवलेलाच नाही. लपलंय ते कुणाला हाक मारली जातेय हे. त्याला टीप लागत नाही, त्याला योग्य शब्द लागतो.

तडजोड झाली : मागे चार पानांचं टिपण, कवितेच्या पानांवर एकही आकडा नाही. फक्त ‘ताउ’बद्दल एक वाक्य सुरुवातीलाच घालायचं मी कबूल केलंय. प्राचीन भागातला चीनविषयीचा राग आणि शेवटच्या भागात तोच चीन जपानशी लढणाऱ्यांच्या रांगेत, हे दोन्ही एकाच कवितेत आहे, आणि वाचकाने आजच्या समुद्रातल्या वादांचा चष्मा लावून त्यातलं अर्धंच पाहू नये. कवी स्वत: ऑगस्ट 1942 मध्ये चीनकडे आधार शोधायला गेले आणि तिथल्या तुरुंगांत वर्षभर फिरवले गेले.

21 जुलै

शेवटचं कडवं. आठवडाभर याच्यापासून पळत होते.

‘लोकहो, दाँग हा शब्द लक्षात ठेवा : दाँग तिन्ह, दाँग सुक, दाँग लाँग, दाँग मिन्ह.’ दाँग म्हणजे सम, सह, एक. भावना एक, बळ एक, मन एक, आणि चौथा शब्द दाँग मिन्ह, म्हणजे युती. आणि ‘व्हिएत मिन्ह’ या नावातला मिन्ह तोच. पूर्ण नाव ‘व्हिएतनाम स्वातंत्र्य दाँग मिन्ह’. म्हणजे तीन सद्गुण सांगता सांगता चौथ्या पायरीवर कविता संघटनेचं नावच उच्चारते. शिवाय त्या काळात दाँग मिन्ह म्हणजे दोस्त राष्ट्रंही. हो चि मिन्हमधला मिन्ह वेगळा, चिनी लिपीत त्याचं अक्षरच निराळं. पण वाचता न येणाऱ्याच्या कानाला काय फरक?

मोजणीत बसवायचं तर असं होतं :

स्मरा शब्द ‘एक’ :
एकदिल, एकजूट.

सहा आणि आठ, चोख. पण चारातले दोन गेले, आणि हा चारचा ठोका आहे, मुठीने दारावर मारल्यासारखा. को म्हणाल्या, छंद मोडला तर चालेल, ठोका नको मोडू. म्हणून :

स्मरा शब्द ‘एक’ :
एकमत, एकबळ,
एकदिल, एकजूट.

सहाखाली दोनदा आठ. संपूर्ण कवितेत फक्त इथे.

आता लपलेलं नाव. चार ओळी आधी व्हिएत मिन्हचा उल्लेख नावानिशी येतो. तिथे मी ‘व्हिएत मिन्ह’ हेच ठेवलं होतं. ते तसं राहिलं तर मराठीत ‘एकजूट’शी त्याचा काही संबंध उरत नाही. म्हणून तिथे ‘व्हिएत एकजूट’ करतेय. इतिहासाची पुस्तकं वाचलेले नाक मुरडतील. त्यांच्यासाठी मागचं टिपण आहे.

24 जुलै

पुस्तिकेच्या शेवटी सनावळी आहे. महत्त्वाची वर्षं, एकेक ओळीत : कुणाचं राज्य कधी, कुठली लढाई कधी. शाळेच्या वहीत असते तशी. आणि शेवटची नोंद : 1945, व्हिएतनाम स्वतंत्र.

पुस्तिका 1942 ची.

2 सप्टेंबर 1945 ला हनोईच्या बा दिन्ह चौकात स्वातंत्र्याची घोषणा झाली. लोक याला भविष्यवाणी म्हणतात. मला त्यापेक्षा तिची जागा महत्त्वाची वाटते. न घडलेली गोष्ट घडून गेलेल्यांच्या यादीत बसवली आहे. वर जुनी राज्यं आणि लढाया, खाली 1945, दोन्ही सारख्याच ठाम अक्षरांत. जी मुलं या यादीवरून सनावळी पाठ करत होती त्यांनी तीन वर्षं पुढचंही पाठ केलं.

संपादकांनी विचारलं, 1945 ला ठळक करायचं का? नाही. बाकीच्या वर्षांसारखंच, त्याच मापात.

29 जुलै

पहिलं प्रूफ आलं. ‘व्हिएत एकजूट’ नीट आहे. दोन्ही ‘देश गमावला’ जागेवर. पान 11 वर शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्राने ‘परार’चं ‘फरार’ केलंय. दुरुस्त करून समासात लिहिलं : परार, शब्द बरोबर आहे, बदलू नये. रविवारी छापील गठ्ठा घेऊन काकांकडे.